रडार सेन्सरचा डेटा आउटपुट फॉरमॅट: कुठला निवडायचा, कसा सेट करायचा आणि आलेले बाइट कसे वाचायचे

नवा रडार सेन्सर आणला, वायरी जोडल्या, लॅपटॉपवर सिरियल टर्मिनल उघडलं आणि स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादं अक्षर असा कचरा धावायला लागला की पहिला विचार येतो सेन्सर खराब निघाला. बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. तो त्याच्या पद्धतीने व्यवस्थित आकडे पाठवत असतो, फक्त ते बायनरी असतात आणि टर्मिनल त्यांना अक्षरं समजून दाखवायला बघतं, म्हणून तो कचरा दिसतो.

"आउटपुट फॉरमॅट" हा शब्द एकच असला तरी त्यात तीन वेगवेगळे निर्णय असतात आणि ते एकत्र कालवले की गोंधळ सुरू होतो. एक म्हणजे सेन्सरच्या आत जो हिशेब चालतो त्याच्या कुठल्या टप्प्यावरचा डेटा बाहेर घ्यायचा. मग ते आकडे बाइटमधे कसे बसवायचे, म्हणजे टेक्स्ट की बायनरी, किती बिटचे, कुठलं एकक, उणे आकडा कसा लिहायचा. आणि शेवटी ते कुठल्या वायरने किती वेगाने पाठवायचे. माझा अनुभव असा की टप्प्याचा निर्णय नीट झाला की बाकीचे दोन बरेचसे त्यातूनच ठरतात, पण बहुतेक जण तोच सोडून थेट बॉड रेटला, म्हणजे सिरियल वायरवर सेकंदाला किती बिट जातात त्या आकड्याला, हात घालतात.

म्हणून आधी आत काय चालतं ते थोडं बघू.

आज मिळणारे बरेचसे छोटे रडार सेन्सर, २४, ६० किंवा ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासचे, एफएमसीडब्ल्यू पद्धतीने, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलत जाणारी सलग लहर सोडून, चालतात. सेन्सर एक चर्प सोडतो, म्हणजे अशी लहर जिची फ्रिक्वेन्सी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ चढत जाते. ती वस्तूला लागून परत येईपर्यंत सेन्सर सोडत असलेली फ्रिक्वेन्सी थोडी पुढे सरकलेली असते, मग जाणारा आणि येणारा सिग्नल एकमेकांत मिसळला की दोघांतल्या फरकाची एक कमी फ्रिक्वेन्सी हाती लागते, आणि वस्तू जितकी लांब तितका हा फरक मोठा. एडीसी, म्हणजे सिग्नलचं डिजिटल रूप करणारा भाग, या फरकाच्या सिग्नलचे आकडे करतो. हा झाला कच्चा डेटा, इंग्रजीतला रॉ डेटा.

त्यावर एक एफएफटी (सिग्नलमधल्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी सुट्या करणारं गणित) केला की कुठल्या अंतरावरून किती जोरात सिग्नल आला ते कळतं. ४ गिगाहर्ट्झ रुंदीचा चर्प असेल तर अंतराचा एक कप्पा ३.७५ सेंटीमीटरचा होतो (प्रकाशाचा वेग भागिले रुंदीची दुप्पट, एवढंच गणित). असे बरेच चर्प लागोपाठ सोडून त्या सगळ्यांवर आडवा दुसरा एफएफटी केला की वेग मिळतो, आणि अंतर एका बाजूला, वेग दुसऱ्या बाजूला असा एक नकाशा तयार होतो, त्याला रेंज-डॉप्लर हीट मॅप म्हणतात. मग सीफार नावाची पद्धत आजूबाजूच्या गोंगाटाच्या मानाने कुठले ठिपके खरोखर उठून दिसतात ते निवडते, वेगवेगळ्या अँटेनांवरच्या फेजच्या (लहर तिच्या चक्रात कुठवर आलीय त्याच्या) फरकावरून कोन काढला जातो, आणि हाती येतो पॉइंट क्लाउड, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा एक्स, वाय, झेड आणि वेग. त्याही पुढे गेलं तर ट्रॅकर हे ठिपके एकत्र करून "ही एक वस्तू, हिचा नंबर ७, ही अशी चाललीय" असं सांगतो. आणि अगदी शेवटच्या पायरीवर असतं नुसतं हो किंवा नाही: समोर माणूस आहे की नाही.

यातल्या कुठल्याही पायरीवर तुम्ही डेटा बाहेर काढू शकता, अर्थात सेन्सरने तशी सोय दिली असेल तर. वरच्या पायरीवर डेटा प्रचंड असतो आणि सगळी माहिती शाबूत असते, खाली येत जाल तसा डेटा हलका होतो आणि माहिती कायमची गळत जाते. सेन्सरने एकदा ठिपके काढून बाकीचं टाकून दिलं की त्या ठिपक्यांवरून मूळ सिग्नल परत उभा करता येत नाही.

किती प्रचंड ते आकड्यात बघू म्हणजे अंदाज येईल. समजा चार रिसीव्हर अँटेना, प्रत्येक चर्पचे २५६ सॅम्पल (एडीसीने घेतलेले आकडे), एका फ्रेममधे, म्हणजे मोजणीच्या एका फेरीत, १२८ चर्प, आणि प्रत्येक सॅम्पल कॉम्प्लेक्स म्हणजे दोन भागांचा, १६ बिट आय आणि १६ बिट क्यू मिळून ४ बाइट. गुणाकार करा, एका फ्रेमचे ५,२४,२८८ बाइट होतात. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे ५२ लाखांहून जास्त बाइट, साधारण ४२ मेगाबिट दर सेकंदाला. आता ९,२१,६०० बॉडच्या सिरियल पोर्टवर स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९२,१६० बाइट जातात. त्या वाटेने वरची एकच फ्रेम पाठवायला साडेपाच सेकंदांहून जास्त लागतील. म्हणून कच्चा डेटा सिरियलवर मागण्यात काही अर्थ नाही, त्याला एलव्हीडीएस लाइन (वेगवान डिजिटल डेटाची वायरजोडी) आणि डेटा पकडणारं वेगळं कार्ड लागतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सेन्सरसोबत डीसीए१००० हे कार्ड वापरतात, ते एलव्हीडीएसवरून आलेला डेटा इथरनेटवर यूडीपी पॅकेटमधे घालून पाठवतं. यूडीपीत हरवलेलं पॅकेट कोणी परत पाठवत नाही, पण प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला अनुक्रमांक आणि आतापर्यंतच्या बाइटची मोजणी असते, ती तपासून जिथे तुटलंय तिथे तेवढीच शून्यं भरायची. ते केलं नाही तर तिथून पुढचे सगळे सॅम्पल सरकतात आणि पुढच्या सगळ्या फ्रेम फुकट जातात.

त्याच पोर्टवर २५६ गुणिले १६ चा रेंज-डॉप्लर हीट मॅप, प्रत्येक कप्पा २ बाइटचा, म्हणजे ८,१९२ बाइट, पाठवायला ८९ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १० फ्रेम असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १०० मिलिसेकंद येतात, म्हणजे कसाबसा बसला. त्याच्यासोबत अजून एखादा हीट मॅप चालू केला की डेटा तुंबणार हे नक्की. आणि ५० ठिपक्यांचा पॉइंट क्लाउड सगळ्या हेडरसकट साधारण १,०५६ बाइट, साडेअकरा मिलिसेकंदात जातो. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि तो न करता लोक आठवडाभर "फ्रेम मधेच का गळतायत" म्हणून डोकं खाजवत बसतात.

मग कच्चा डेटा कधी घ्यायचा? माझं सरळ मत, शिकायला किंवा साधं काम करायला सुरुवात पॉइंट क्लाउडपासून करा, कच्च्याकडे तेव्हाच वळा जेव्हा स्वतःचं सिग्नल प्रोसेसिंग लिहायचंय किंवा फेज हवीय. फेजचं उदाहरण श्वासाचं. ६० गिगाहर्ट्झला लहरीची लांबी ५ मिलिमीटर असते. छाती १ मिलिमीटर पुढे आली तर जाण्यायेण्याचा रस्ता २ मिलिमीटरने कमी होतो आणि फेज १४४ अंशांनी फिरते, म्हणजे ३.७५ सेंटीमीटरच्या कप्प्यात जी हालचाल दिसणंही शक्य नाही ती फेजमधे स्पष्ट दिसते. पण एक्स, वाय, झेड आणि वेग अशा पॉइंट क्लाउडमधे फेज राहिलेलीच नसते. श्वास मोजायचाय आणि हातात फक्त पॉइंट क्लाउड आहे, असं झालं तर फॉरमॅट चुकीचा निवडलाय, पुढचा कोड कितीही चांगला लिहा.

आता सेट कसं करतात

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयडब्ल्यूआर ६८४३ सारख्या सेन्सरवर त्यांचा नेहमीचा डेमो चालवला की दोन सिरियल पोर्ट दिसतात. एक ११५,२०० बॉडचा, त्यावर तुम्ही साध्या टेक्स्टमधे कमांड पाठवायच्या, आणि दुसरा ९,२१,६०० चा, त्यावर सेन्सर बायनरी डेटा ओतत राहतो. सुरुवातीला सांगितलेला कचरा बहुतेक वेळा या दुसऱ्या पोर्टवरचा असतो. कमांडची एक कॉन्फिग फाइल असते, ती ओळीओळीने पाठवायची, सुरुवातीला सेन्सर-स्टॉप, मग जुनं पुसायला फ्लश-सीएफजी, मग चर्प, फ्रेम, सीफार वगैरेच्या ओळी, आणि शेवटी सेन्सर-स्टार्ट. प्रत्येक ओळीला सेन्सर "डन" असं उत्तर देतो, त्याची वाट बघून मगच पुढची ओळ पाठवा. सगळी फाइल एका दमात ढकलली तर मधली एखादी ओळ गळू शकते आणि मग चूक कुठेय ते शोधणं जड जातं.

फॉरमॅटच्या दृष्टीने त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या. एडीसी-सीएफजी मधे दोन आकडे असतात, पहिला बिटचा (० म्हणजे १२ बिट, १ म्हणजे १४, २ म्हणजे १६) आणि दुसरा प्रकाराचा, ० म्हणजे रिअल (सॅम्पलला एकच आकडा), १ आणि २ म्हणजे कॉम्प्लेक्सचे दोन प्रकार. त्यानंतर एडीसीबफ-सीएफजी ही ओळ, हिच्यातही रिअल की कॉम्प्लेक्स ते सांगावं लागतं, पण इथे ० म्हणजे कॉम्प्लेक्स आणि १ म्हणजे रिअल! बरोबर उलटं. म्हणून कॉम्प्लेक्स डेटासाठी पहिल्या ओळीत १ आणि दुसऱ्या ओळीत ० असं लिहिलेलं दिसतं, ते बघून एखाद्याला वाटतं फाइलमधे चूक आहे आणि तो हौसेने "दुरुस्त" करतो. करू नका, ते तसंच बरोबर आहे.

त्याच ओळीत आय आणि क्यूची अदलाबदल करणारा आकडा असतो, ० ठेवला तर खालच्या १६ बिटमधे आय आणि वरच्या १६ मधे क्यू, १ ठेवला तर उलटं. सेन्सर स्वतःच हिशेब करत असेल तर डेमोच्या फाइलमधे जे आहे तेच राहू द्या, पण कच्चा डेटा पकडून स्वतः वाचत असाल तर इथे सावध राहा. अदलाबदल चुकली तर काहीच मोडत नाही, कुठलीही एरर येत नाही, फक्त स्पेक्ट्रम आरशात बघितल्यासारखा उलटा होतो. २५६ कप्प्यांच्या एफएफटीमधे २० व्या कप्प्यात असायला हवी ती वस्तू २३६ व्या कप्प्यात दिसते. जवळची भिंत लांबच्या टोकाला दिसायला लागली की पहिला संशय इथे घ्या.

तिसरी ओळ जीयूआय-मॉनिटर. नाव ऐकून वाटतं स्क्रीनवरच्या ग्राफसाठी असेल, प्रत्यक्षात बाहेर काय काय पाठवायचं ते इथेच ठरतं. पहिला आकडा सब-फ्रेमचा, तो सहसा उणे १. त्यानंतर ओळीने ठिपके, रेंज प्रोफाइल (कुठल्या अंतरावर किती जोर), गोंगाटाचा प्रोफाइल, अंतर-कोनाचा हीट मॅप, रेंज-डॉप्लर हीट मॅप आणि शेवटी आकडेवारी. ठिपक्यांच्या जागी १ लिहिलं तर ठिपके आणि प्रत्येकाचा सिग्नल-गोंगाट (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती जोरात ते) दोन्ही येतं, २ लिहिलं तर नुसते ठिपके. मी सुरुवातीला फक्त ठिपके आणि आकडेवारी चालू ठेवतो, कारण आकडेवारीत सेन्सरला हिशेबाला किती वेळ लागला आणि फ्रेमच्या मधे किती वेळ उरला ते येतं, आणि हीट मॅप अगदी गरज पडेल तेव्हाच, तेही फ्रेमचा वेग कमी करून.

आलेलं पॅकेट उलगडताना

बायनरी डेटा सतत वाहत असतो, त्यात पॅकेट कुठे सुरू झालं ते कळायला एक ठरावीक खूण लागते. या डेमोमधे ती खूण आठ बाइटची असते (बाइटची मूल्यं इथे आणि पुढे हेक्समधे लिहिलीत, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, जिच्यात ९ नंतर ए ते एफ येतात): ०२ ०१ ०४ ०३ ०६ ०५ ०८ ०७. मुळात हे १६ बिटचे चार आकडे आहेत, ०१०२, ०३०४, ०५०६, ०७०८, पण लिटल एंडियन पद्धतीत लहान बाइट आधी जातो म्हणून प्रत्येक जोडी उलटी दिसते. ही खूण बघितली की पुढचे सगळे आकडेही असेच उलटे वाचायचे आहेत हे एका नजरेत कळतं.

खुणेसकट ४० बाइटचं हेडर, त्यात पॅकेटची एकूण लांबी, फ्रेमचा नंबर, किती ठिपके सापडले, पुढे किती तुकडे आहेत वगैरे. मग प्रत्येक तुकड्याच्या आधी ८ बाइट, चार प्रकाराचे आणि चार लांबीचे. प्रकार १ म्हणजे ठिपके, प्रत्येकी १६ बाइट, चार फ्लोट, म्हणजे ४ बाइटचे दशांश आकडे. प्रकार ७ म्हणजे त्याच ठिपक्यांचा सिग्नल-गोंगाट, प्रत्येकी ४ बाइट. आपल्याला नको असलेला प्रकार आला तर त्याच्या लांबीइतकं पुढे उडी मारायची, बस. म्हणूनच ही रचना मला आवडते, उद्या फर्मवेअरमधे (सेन्सरच्या आतल्या प्रोग्राममधे) नवा तुकडा वाढला तरी नीट लिहिलेला पार्सर, म्हणजे बाइट उलगडणारा कोड, मोडत नाही.

एक खाच मात्र आहे. पॅकेटची एकूण लांबी ३२ च्या पटीत बसवलेली असते, कमी पडले तर शेवटी फालतू बाइट भरतात. ५० ठिपके असतील तर ४० अधिक ८ अधिक ८०० अधिक ८ अधिक २००, म्हणजे १,०५६, हे ३२ ने बरोबर भागलं जातं, काही भरावं लागत नाही. ५१ झाले की १,०७६, आणि पॅकेट येतं १,०८८ चं, शेवटचे १२ बाइट नुसती भरती. पार्सरने ते बाइट पुढच्या पॅकेटची सुरुवात समजून वाचले की पुढचं सगळं घसरतं, आणि टेस्ट करताना नेमके बरोबर बसणारे ठिपके आले असतील तर हा दोष लपूनही राहतो. तुकडे संपले तरी एकूण लांबी पूर्ण होईपर्यंत पुढे सरकायचं आणि मगच पुढची खूण शोधायची. शिवाय तुकड्याच्या लांबीत ते सुरुवातीचे ८ बाइट धरलेत की नाहीत हे फर्मवेअरनुसार बदलू शकतं, तेवढं पहिल्याच पॅकेटवर हाताने मोजून घ्या.

छोटे मॉड्यूल, आणि उणे चिन्हाचा घोळ

सगळ्यांनाच एवढा मोठा सेन्सर लागत नाही. खोलीत माणूस आहे का एवढंच हवं असेल तर एलडी२४१० सारखं २४ गिगाहर्ट्झचं छोटं मॉड्यूल पुरतं. त्याचा बॉड रेट मुळात २,५६,००० असतो, आणि हा आकडा नेहमीच्या यादीत नसल्यामुळे लोक ११५,२०० वर ऐकत बसतात आणि काहीच जुळत नाही. डेटाची फ्रेम एफ४ एफ३ एफ२ एफ१ ने सुरू होते आणि एफ८ एफ७ एफ६ एफ५ ने संपते, कमांडची फ्रेम एफडी एफसी एफबी एफए ने सुरू होऊन ०४ ०३ ०२ ०१ ने संपते. फॉरमॅट दोन: साधा, ज्यात कोणी नाही, हलणारं आहे, स्थिर आहे की दोन्ही, आणि त्यांची अंतरं व जोर एवढं येतं, आणि इंजिनिअरिंग मोड, ज्यात प्रत्येक अंतराच्या कप्प्याचा जोर वेगळा येतो. मोड बदलायचा तर आधी कॉन्फिग चालू करायची कमांड, मग मोडची कमांड, मग कॉन्फिग बंद. पहिली विसरलात तर दुसरी तो ऐकत नाही, शेवटची विसरलात तर नेहमीचा डेटा परत सुरू होत नाही. हा इंजिनिअरिंग मोड वीज गेली की निघून जातो आणि सेन्सर परत साध्या मोडमधे चालू होतो, म्हणून तो हवाच असेल तर तुमच्या प्रोग्रामने दर वेळी सुरू होताना तो नव्याने सांगितला पाहिजे.

त्याच्याच कुळातला एलडी२४५० एका वेळी तीन जणांची जागा सांगतो. त्याची फ्रेम ३० बाइटची: एए एफएफ ०३ ०० ही सुरुवात, मग तिघांचे प्रत्येकी ८ बाइट, शेवटी ५५ सीसी. आता पहिल्याचे ८ बाइट समजा असे आले: ०ई ०३ बी१ ८६ १० ०० ४० ०१. हे जरा सावकाश वाचू, कारण फॉरमॅट वाचणं म्हणजे काय ते इथे एकदम स्वच्छ दिसतं.

पहिले दोन एक्स. लहान बाइट आधी, म्हणजे ०३०ई, दशमान पद्धतीत ७८२. पुढचे दोन वाय, ८६बी१, म्हणजे ३४,४८१. आता सवयीने आपण म्हणू की १६ बिटचा चिन्हासकटचा आकडा आहे, नेहमीच्या टू'ज कॉम्प्लिमेंट पद्धतीने (सगळ्यात वरचा बिट १ म्हणजे उणे) वाचू, तर एक्स येतो अधिक ७८२ मिलिमीटर आणि वाय येतो उणे ३१,०५५ मिलिमीटर, म्हणजे माणूस सेन्सरच्या पाठीमागे ३१ मीटरवर उभा आहे! हे मॉड्यूल मुळात काही मीटरपुरतं आहे. गोम अशी की इथे सगळ्यात वरचा बिट १ असेल तर आकडा अधिक आणि ० असेल तर उणे, आणि उरलेले १५ बिट म्हणजे नुसतं मूल्य. म्हणून एक्स उणे ७८२ मिलिमीटर, आणि वाय ३४,४८१ वजा ३२,७६८, म्हणजे अधिक १,७१३ मिलिमीटर. माणूस पावणेदोन मीटरच्या जरा अलीकडे आहे आणि मधल्या रेषेपासून पाऊण मीटरहून थोडा जास्त बाजूला. वेगाचे १० ०० म्हणजे १६, वरचा बिट ०, म्हणून उणे १६ सेंटीमीटर दर सेकंद. शेवटचे ४० ०१ म्हणजे ३२०, हे अंतराच्या कप्प्याची रुंदी मिलिमीटरमधे सांगतात, याला चिन्हच नसतं.

यात वाय चुकला तर लगेच लक्षात येतं कारण ३१ मीटर हा आकडाच अशक्य आहे, पण एक्सचं चिन्ह चुकलं तर आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो, फक्त माणूस डाव्याऐवजी उजव्या बाजूला. अशा पटण्यासारख्या चुकांची मला जास्त धास्ती वाटते.

टेक्स्ट आणि जेसन

काही सेन्सर सरळ वाचता येईल असं टेक्स्ट देतात. ओपीएस२४३ या वेग मोजणाऱ्या सेन्सरला दोन अक्षरांच्या कमांड देतात, ओजे म्हटलं की उत्तर जेसनमधे (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या टेक्स्टमधे), यूके म्हटलं की वेग ताशी किलोमीटरमधे, यूएम म्हटलं की मीटर दर सेकंद, ओटी म्हटलं की वेळेचा शिक्का सोबत. टर्मिनलवर थेट दिसतं, कुठलाही पार्सर लागत नाही, आणि सेकंदाला चार-दोन आकडेच येणार असतील तर मी बिनधास्त हेच वापरा म्हणेन. टेक्स्टला जागा जास्त लागते हे खरं, पण जिथे जागा मुबलक आहे तिथे बाइट वाचवायला बायनरीच्या मागे लागण्यात वेळ जातो. फक्त एकक आकड्यासोबत पाठवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. ५० हा वेग ताशी किलोमीटरमधला की मैलांमधला हे सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

गाडीवरचे रडार

गाड्यांसाठी असलेले सेन्सर बहुधा कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या भागांच्या सामाईक वायरवर, बोलतात आणि तिथलं वळण निराळं. एआरएस ४०८ हे चांगलं उदाहरण. त्याला हेक्स २०० या आयडीचा मेसेज पाठवून सांगायचं की ऑब्जेक्ट हवेत की क्लस्टर, म्हणजे ट्रॅक केलेल्या वस्तू की नुसते ठिपके. वस्तू जास्तीत जास्त १००, क्लस्टर २५०, दोन्ही एकदम मिळत नाहीत. या मेसेजमधे प्रत्येक सेटिंगसोबत एक "व्हॅलिड" बिट असतो, तो १ केला नाही तर ते सेटिंग सेन्सर बघतही नाही. आकडा बरोबर लिहिला, पण हा बिट राहिला, आणि सेन्सर ढिम्म हलत नाही, असं खूप होतं. सोय मात्र छान आहे, कारण एकच गोष्ट बदलताना बाकीच्या सेटिंगला धक्का लागत नाही. सेन्सरचं उत्तर २०१ या आयडीवर येतं, त्यात आत्ता प्रत्यक्षात काय सेट आहे ते असतं. पाठवलं म्हणजे झालं असं धरू नका, ते उत्तर वाचा.

कॅनवर फ्लोट पाठवत नाहीत, एका मेसेजात जेमतेम ८ बाइट असतात म्हणून प्रत्येक आकडा थोड्या बिटमधे कोंबलेला असतो आणि त्याला एक गुणक आणि एक सरकवणूक लावायची असते. वस्तूचं पुढचं अंतर काढायचं तर आलेला आकडा गुणिले ०.२ वजा ५००. म्हणजे २,६०० आला तर ५२० वजा ५००, २० मीटर. सरकवणूक विसरलात तर २० मीटरवरची गाडी ५२० मीटरवर जाते.

आणि इथेही वायरचा हिशेब सुटत नाही. प्रत्येक वस्तूचा मूळ मेसेज, त्यात क्वालिटीचा एक आणि जादा माहितीचा एक असे दोन चालू केले तर १०० वस्तूंचे ३०० मेसेज. ८ बाइटच्या एका मेसेजला कमीत कमी १११ बिट लागतात, म्हणजे ३३,३०० बिट, ५०० किलोबिटच्या बसवर जवळपास ६७ मिलिसेकंद नुसते एका फेरीला, त्यात मधे घुसवावे लागणारे स्टफ बिट धरलेच नाहीत. त्याच बसवर दुसरा रडार लावायचा विचार असेल तर क्वालिटी आणि जादा माहिती यातलं नको ते बंद करा किंवा वस्तूंची संख्या फिल्टरने कमी करा. दोन सेन्सर एकाच बसवर असतील तर प्रत्येकाला वेगळा सेन्सर आयडी द्यावाच लागतो, त्याने मेसेजचे आयडीही सरकतात, १ दिला की २०० चा २१० होतो आणि ६०बी चा ६१बी.

दिशा, वेळ आणि साठवण

आकडे बरोबर वाचले तरी ते कुठल्या दिशेचे हे वेगळं ठरलेलं असतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पॉइंट क्लाउडमधे वाय समोर आणि एक्स आडवा, तर रोबोटवाल्यांच्या आरओएस या सॉफ्टवेअरमधे एक्स समोर, वाय डावीकडे आणि झेड वर. म्हणजे तिथे पाठवताना नवा एक्स म्हणजे जुना वाय, आणि नवा वाय म्हणजे उणे जुना एक्स. वेगाचं चिन्हही सेन्सरप्रमाणे बदलतं, कुठे जवळ येणारा अधिक असतो तर कुठे लांब जाणारा. डेटाशीट वाचून झाल्यावरही सेन्सरसमोर स्वतः चालून बघा: सरळ जवळ या, मग लांब जा, मग डावीकडून उजवीकडे जा, आणि आकडे बघा. त्यानंतर दोन मीटर टेपने मोजून तिथे धातूची पट्टी किंवा कॉर्नर रिफ्लेक्टर (लहर आली तशी सरळ परत फेकणारा धातूचा कोपरा) ठेवा आणि दोन मीटरच दिसतात का ते बघा. एवढ्याने एकक, चिन्ह, बाइटचा क्रम आणि गुणक या चारही गोष्टी एकदम तपासल्या जातात.

वेळेचा शिक्का प्रोसेसरच्या ठोक्यांमधे येत असेल तर तो ३२ बिटचा आहे का बघा. २०० मेगाहर्ट्झचं घड्याळ असेल तर ३२ बिटचा मोजणारा २१ सेकंदांच्या थोडं पुढे जाऊन परत शून्यावर येतो, आणि दोन फ्रेममधला वेळ अचानक मोठा उणे दिसतो. फ्रेमचा नंबर मात्र नेहमी साठवा, मधे कुठली गळली ते त्यावरूनच कळतं.

सेटिंग सेन्सरमधे कायमचं राहतं का, हेही पहिल्याच दिवशी वीज काढून तपासा. एकदा रात्रभर डेटा गोळा करायला ठेवलेला माझा सेन्सर मधे वीज जाऊन आल्यावर मूळ सेटिंगवर गेला, माझा पार्सर जुन्या फॉरमॅटची वाट बघत बसला आणि सकाळी फाइल अर्धी रिकामी होती. त्या सेन्सरला सेटिंग साठवायची वेगळी कमांड होती, ती मी दिली नव्हती. तेव्हापासून माझा प्रोग्राम सुरू होताना सेटिंग नव्याने पाठवतोच, शिवाय काही सेकंद ओळखीची खूण दिसली नाही तर सेन्सरला परत कॉन्फिग करतो. आणि उलगडलेल्या आकड्यांच्या बाजूला मूळ बाइटची फाइलही ठेवतो, सोबत ती कॉन्फिग फाइल आणि फर्मवेअरचा व्हर्जन नंबर, म्हणजे पार्सरमधली चूक महिन्याभराने सापडली तरी सगळा डेटा पुन्हा वाचून काढता येतो.